बापाचं नाव अळकुडी

कान्तांग
२२ मे, बुद्धवर्ष २५३१

आत्या,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवते. पाय लाम्पांगला, डोकं कान्तांगला, मध्ये दीड दिवसाची आगगाडी. पण पोचलं असं समज.

हायस्कूल सुरू होऊन आठवडा झाला. नियमाप्रमाणे केस कानापर्यंत कापले. मावशीनं कापले, त्यामुळे एक कान दिसतो आणि दुसरा दिसत नाही. वर्गात आम्ही चव्वेचाळीस जण, त्यात बेटावरची मी एकटी. पुढच्या बाकावर ऑय बसते. नावाचा अर्थ ऊस असला तरी जीभ मिरचीची आहे, आणि सगळा वर्ग तिच्या मागून चालतो. माझ्या बाकावर कॉप आहे. बेडूक नाव असून ती डराव सुद्धा करत नाही. आठवडाभरात माझ्याशी दोनच वाक्यं बोलली, त्यातलं एक "तुझं कोपर काढ" होतं.

तू निघताना म्हणाली होतीस, कुणी चिडवलं तर कळव. कळवते की कुणी चिडवत नाही. अजिबात नाही. शनिवारी होडीनं घरी जाते. आई बरी आहे. बोलते कमी आणि जाळी विणते जास्त.

हो, आणि प्रसित हे नाव तुला कसं वाटतं? भारदस्त आहे ना? सहज विचारते.

तुझी
कुंग

लाम्पांग
३१ मे

चिरंजीव कुंग, आमच्या कोळंबीस,

पत्र पोचलं. तुझं डोकंही पोचलं, आत फारसं काही नसल्यामुळे टपालाला जड गेलं नसावं.

सहज विचारलेली गोष्ट कधी सहज नसते, पोरी. तुझ्या काकांनी एकदा फलाटावर मला विचारलं होतं, "बदकाचं खारं अंडं आवडतं का तुम्हाला? सहज विचारतो." त्याला एकोणीस वर्षं झाली. आज मी या थंड गावात स्टेशनसमोर भात-कालवण विकते आहे, आणि इथले लोक ज्याला तिखट म्हणतात त्यानं आपल्याकडे तान्हं मूलसुद्धा रडणार नाही.

तेव्हा मुद्द्याचं बोल. हा प्रसित कोण? कितवीत आहे? त्याचे तरी दोन्ही कान दिसतात का? अजून दुधाचे दात पडायचेत आणि निघाली भारदस्त नावं शोधायला! तुझ्या आईला मी काही कळवत नाही. तिच्या डोक्याला आधीच कमी ताप नाही.

पुढच्या शनिवारी बेटावर गेलीस की सातोच्या शेंगा पाठव. घट्ट बांध. मागच्या वेळी पोस्टमन नाकाला रुमाल लावून आला होता.

आत्या

कान्तांग
१२ जून

आत्या,

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की मी शेंगा पाठवणारच नव्हते. पाठवल्यात, कारण आईनं बांधून दिल्या.

प्रसित हा मुलगा नाही! चांगला पन्नाशीचा, टक्कल पडलेला, दोर आणि जाळी विकणारा माणूस आहे. धक्क्याजवळ त्याचं दुकान आहे. तो कॉपचा बाप.

आमच्याकडे काय चालतं ते तुला ठाऊक असेलच, तुमच्या वेळीही असेल. एकमेकांना टोपणनावानं कोण हाक मारतो? बापाचं नाव शोधून काढायचं आणि त्या नावानं हाक मारायची. ज्याचं नाव सापडलं तो मेला. मुलं हजेरीपत्रक चोरून बघतात, घरच्यांना फोन लावून "काका, तुमचं नाव काय?" विचारतात. ऑयकडे तर वहीच आहे. पहिल्या दोन आठवड्यांत तिनं एकतीस बाप गोळा केले. तिच्या स्वतःच्या बापाचं नाव सुरियन आहे, सूर्यासारखं झगझगीत. तिला कुणी काय म्हणणार?

सध्या कॉपची पाळी आहे. ती वर्गात शिरली की मागून सुरू होतं: "प्रसित आला रे!" "ए प्रसित, दोन वाव दोर मोज!" कुणीतरी फळ्यावर दोर काढून त्याला बेडूक बांधला. कॉप फळा पुसते आणि बसते. मी एकदा हसले. एकदाच, आणि तेही सगळे हसत होते म्हणून.

तिच्या बापाचं नाव बाहेर कसं आलं म्हणशील तर कुणीतरी बोलून गेलं.

माझं नाव कुणाला कळलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कुंग

लाम्पांग
२० जून

कुंग,

शेंगा पोचल्या. तुझे काका दोन दिवस फलाटावर जेवले. टकल्या प्रसितची मी माफी मागते.

आता तू माझं ऐक. माझ्या ठेल्यावर रोज दोनशे माणसं जेवतात आणि त्यातलं कोण मासळीचा तुकडा भाताखाली लपवतंय हे मला पाठमोरी असतानाही कळतं. "कुणीतरी बोलून गेलं." हा कुणीतरी कोण? "एकदाच हसले." मग ते मला लिहायची गरज का पडली? चोराच्या मनात चांदणं असतं, आणि तुझ्या पत्रात तर पौर्णिमा पडली आहे.

तुझ्या बापाला कोण चिडवत नव्हतं? जन्मला तेव्हा पांढराफटक आणि अंगभर लव. सुईण म्हणाली, ही तर सोलता सोलता राहिलेली अळकुडी! आमच्या बापानं त्याच्यासाठी चांगलं तीन अक्षरी नाव ठरवलं होतं, पण कचेरीत साहेबासमोर उभं राहिल्यावर त्याला ते आठवेना. घाबरून सुईणीचाच शब्द सांगून आला. फुअक. आठ दिवसांत पोर उन्हानं काळं झालं, पण सरकारी कागद थोडाच काळा होतो! शाळेत मुलं विचारायची, "काय रे अळकुडी, भाव काय?" हा म्हणायचा, "कच्ची की उकडलेली?" त्यांच्यावर चपला मी फेकायचे. त्याला कधी राग आला नाही. माझ्या एकूण तीन चपला हरवल्या.

बघ, लिहिलं मी ते नाव. होडी बुडून दोन वर्षं झाली, त्यानंतर आज पहिल्यांदा.

आता खरं काय ते लिही.

आत्या

कान्तांग
१० जुलै

आत्या,

पत्र उशिरा लिहिते आहे. तीनदा लिहिलं आणि फाडलं. मावशी म्हणाली, एवढ्या कागदात एक पतंग झाला असता.

तो कुणीतरी मी आहे.

पहिल्याच दिवशी ऑय बाकाबाकांवरून फिरत होती. "तुझ्या बापाचं नाव सांग, मी माझ्या बापाचं सांगते." मी बेटावरची, माझे बूट जुने, एकच कान दिसणारी. त्यात बापाचं नाव अळकुडी! माझ्या तोंडून निघेना. सकाळी धक्क्यावर उतरले तेव्हा समोर पाटी होती: प्रसित, दोर आणि जाळी. तेच सांगितलं. ऑय म्हणाली, "दोरवाला प्रसित?" मी म्हटलं, "नाही, दुसरा." तिला शंका आली. शनिवारी ती खात्री करायला दुकानात गेली, तर आत कॉप दोर मोजत बसलेली. सोमवारी सगळ्या वर्गाला कळलं, आणि माझ्या "दुसऱ्या" प्रसितची कुणाला आठवणच राहिली नाही. कॉपनं ते आठ दिवस लपवून ठेवलं होतं.

मला आजोबांसारखं विसरायला झालं नव्हतं. मला आठवत होतं आणि मी दुसरं सांगितलं. मी बाबांना बदलून टाकलं, आत्या.

अजून पुढचं ऐक. तुझं पत्र मी वर्गात वाचत होते. हातातून खाली पडलं. ऑय वाकली, पण त्याआधी कॉपनं त्यावर पाय ठेवला, मग उचलून त्यावर बसली. अख्खा गणिताचा तास बसून राहिली. मधल्या सुट्टीत परत दिलं आणि म्हणाली, "फुअक नाव काही वाईट नाही."

"तू पत्र वाचलंस?"

"नाही. प्रवेशाच्या दिवशी रांगेत तुझ्या मागे मी होते. कारकुनानं मोठ्यानं वाचलं. बाप फुअक, मयत."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तिच्या शेजारी बसून "प्रसित" म्हणाले तेव्हाही. मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस? तुझी सुटका झाली असती."

"माझ्या बाबांना चिडवलं की मी संध्याकाळी त्यांना सांगते. ते हसतात. तू कुणाला सांगणार?"

एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली. मी संडासात जाऊन रडले. तू मला काय वाटेल ते बोल.

कुंग

लाम्पांग
१८ जुलै

कुंग,

तुझं पत्र आलं तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. वाचलं आणि आमटी करपली. दोनशे माणसं त्या दिवशी करपट जेवली. राग आला होता, खोटं कशाला सांगू? माझ्या भावाचं नाव पोरीला सांगवेना म्हणून आला. मग गल्ल्यावर बसले आणि राग हळूहळू उतरला, कारण मला एक गोष्ट आठवली. ती मी तुझ्या काकांनाही सांगितलेली नाही.

लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूनं विचारलं, भावाचं नाव काय? इथले लोक गोड बोलून हसतात, कुजकं हसणं त्यांच्याकडून शिकावं. मी म्हटलं, फैबून. वर्षभरानं तो मला भेटायला आला. दारातच सासूबाई म्हणाल्या, "या या, फैबून!" मला वाटलं धरणी दुभंगेल तर बरं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंना हात जोडले आणि म्हणाला, "हो, मीच फैबून." चार दिवस तो फैबून म्हणून जेवला, फैबून म्हणून विहिरीचा रहाट दुरुस्त करून दिला. जाताना गाडीच्या खिडकीतून मला म्हणाला, "ताई, फैबून होऊन फार दमलो. आता घरी जाऊन अळकुडी होतो."

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा तुझे कान धरायला माझा हात उठत नाही, आणि तसाही तुझा एकच कान सापडेल.

पण मी माझ्या खोटेपणानं कुणाला घायाळ केलं नव्हतं. तू केलंस. कॉपचं देणं तुझं तू बघ. काय करायचं ते मी सांगणार नाही.

आत्या

कान्तांग
३१ जुलै

आत्या,

सांगून टाकलं.

मंगळवारी सर अजून वर्गात यायचे होते. मागून चालूच होतं, "प्रसित, गाठ मारून दाखव." मी उभी राहिले. म्हटलं, "प्रसित एकच आहेत, ते कॉपचे बाबा. मी खोटं बोलले होते. माझ्या बाबांचं नाव फुअक."

मग छप्पर उडालं. ऑयला इतका आनंद झाला की तिनं मला मिठी मारायचीच बाकी ठेवली. "फुअक! अळकुडी! अगं बाई, एवढं चांगलं लपवून ठेवलं होतंस!" वही काढून तिनं माझं नाव लाल शाईनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर एक अख्खी अळकुडी होती, शाईनं डोळे रंगवलेली. भोजनघरातल्या बाईसुद्धा नारळाच्या दुधातली अळकुडी वाढताना म्हणाल्या, "घे, घरचीच आहे." पहिले दोन दिवस मला वाटलं, शाळा सोडावी आणि तुझ्याकडे येऊन भांडी घासावीत.

कॉपची माफी मागितली. ती म्हणाली, "बरं." मग तिनं माझं कोपर तिच्या बाजूला आलं होतं ते तसंच राहू दिलं.

आता जे लिहिते ते नीट वाच. शुक्रवारी खेळाचा तास होता. मी मैदानाच्या एका टोकाला आणि ऑय पार दुसऱ्या टोकाला. तिथून तिनं दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "फुअऽऽक!"

मी वळले. पण माझं नाव म्हणून नाही वळले. मला वाटलं बाबा मागून येतायत आणि धक्क्यावरून कुणीतरी त्यांना थांबवतंय. अगदी तसाच आवाज होता. दोन वर्षांत ते नाव एवढ्या मोठ्यानं कुणी घेतलंच नव्हतं. घरी आम्ही "ते" म्हणतो, नाहीतर काहीच म्हणत नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही. आता ऑयनं हाक मारली की मी ऐकू न आल्यासारखं करते, म्हणजे तिला परत मारावी लागते. हे कुणाला सांगू नकोस.

मला एकच भीती आहे. पुढच्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी शाळेत आयांचा दिवस आहे. सगळ्या आया येणार, आम्ही त्यांच्या पाया पडून मोगरा द्यायचा. आई यायचं म्हणते. तिच्यासमोर ऑय तसं ओरडली तर? त्या नावानं आईचं काय होतं ते तुला माहीत आहे. काय करू?

कुंग

लाम्पांग
६ ऑगस्ट

कुंग,

मला ठाऊक नाही. पहिल्यांदाच लिहिते आहे हे, जपून ठेव.

त्याच्या क्रियाकर्माच्या वेळी मीच सगळ्या बेटाला बजावलं होतं, वहिनीसमोर त्याचं नाव काढायचं नाही. तिला सोसणार नाही असं मला वाटलं. सगळ्यांनी ऐकलं. मी बोलते तेव्हा लोक ऐकतात, हीच माझी खोड. तिला मात्र कुणी विचारलं नाही, मीही नाही.

त्या ऊस नावाच्या पोरीला एक दिवस गप्प बसायला सांग. आणि काय झालं ते त्याच दिवशी लिही. मला इथे अन्न गोड लागत नाही.

आत्या

कान्तांग
११ ऑगस्ट

आत्या,

आजच लिहिते आहे, आई अजून इथेच आहे. मावशीकडे तांदूळ निवडते आहे.

ऑयला सांगायला मी दोनदा गेले. पण गप्प का बस, हे सांगायचं तर बाबा गेले हे सांगावं लागलं असतं. ते वर्गात कॉपशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दोन्ही वेळा मी तिच्याकडे भूगोलाची वही मागून परत आले.

आई आली ती जांभळा सारोंग नेसून, केसांना तेल लावून. इतर आया एकमेकींशी गप्पा मारत होत्या आणि आई झाडाखाली पिशवी पोटाशी धरून एकटी उभी. मी रांगेत होते. तेवढ्यात ऑयनं तिला पाहिलं. ती व्हरांड्यातून मैदानभर ऐकू जाईल अशी ओरडली, "फुअऽऽक! ए फुअक! तुझी आई आली!"

आईच्या हातातली पिशवी खाली पडली. ती माझ्याकडे बघत नव्हती, आवाज आला त्या बाजूला बघत होती. चेहरा असा झाला की मी रांग सोडून धावले. मागे मी पाहिलं तर कॉप ऑयच्या कानात काहीतरी सांगत होती. ऑयचा रंग उतरला. ती पायऱ्या उतरून आली, आईसमोर गुडघ्यावर बसली आणि हात जोडले.

"मावशी, मला माहीत नव्हतं. शपथ. मला वाटलं ते आहेत. मी आता कधीच नाही म्हणणार. वहीतूनही खोडते."

मी मधे पडून म्हणणार होते की नको खोडूस, पण आधी आईकडे पाहिलं. मला वाटलं आता आई रडेल, नाहीतर काही न बोलता होडी पकडायला चालू लागेल.

आई म्हणाली, "कुठून ओरडलीस?"

"तिथून, व्हरांड्यातून."

"जा. तिथे जाऊन परत मार हाक."

ऑय माझ्याकडे बघायला लागली. मी होकारार्थी मान डोलावली. ती गेली, तोंडाशी हात धरले, पण आवाज अगदी बारीक निघाला.

"मोठ्यानं, पोरी," आई ओरडली. इतक्या मोठ्यानं मी तिला दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. "एका हाकेत आलेत का ते कधी!"

मग ऑयनं जोर लावून हाक मारली, आत्या. सगळ्या आया वळून बघायला लागल्या. मी ओ द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी आईनंच दिली.

कुंग